गिऱ्हाईक पुण्यात, कांडप लातुरात

आमचा धंदा घरगुती. लातुरात औसा रोडच्या एका गल्लीत आई येसर (आमटीत घालायचं भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ), काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी करते आणि इन्स्टाग्राम-व्हॉट्सअॅपवरून विकायचं सगळं मी बघतो. नव्यानं सुरुवात करणारे मला पहिला प्रश्न विचारतात तो फॉलोअर कसे वाढवायचे हाच. माझं म्हणणं, ते राहू द्या. आधी माल घेणार कोण ते सांगा.

लातुरात येसर विकत घेणारे थोडेच. इथं आई नाहीतर मावशी घरीच करते. विकत घेतो तो हिंजवडी, वाघोली, चाकणला नोकरीसाठी गेलेला आपलाच माणूस. ज्वारी, गहू, डाळी भाजून मसाल्याबरोबर दळून आणायला त्याच्याकडं वेळ नाही. येसरची आमटी म्हणजे काय हे त्याला समजवावं लागत नाही, ती लग्नाच्या पंगतीत ओरपतच तो मोठा झालाय. तयार येसर आमच्याकडं मिळतो एवढंच त्याच्या कानावर घालायचं.

एवढं ठरलं की रीलमध्ये काय दाखवायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. सगळ्यांनी टाकलेली रेसिपी आपण परत कशाला टाकायची? मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिवकडं येळवस असते. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी करून पूजा, मग भज्जी, आंबील, उंड्यांचं जेवण. पुण्यातल्या लातूरकराला सुट्टी मिळेलच असं नाही. त्या आठवड्यात ज्वारीच्या रानातला साधा व्हिडिओ टाकला की 'गावाकडं यावं वाटतंय' म्हणणाऱ्यांची खाली रांग लागते. मसाला पुढं हीच माणसं मागवतात. त्यांना त्याच दिवशी किंमत सांगत बसू नका, बरं दिसत नाही.

इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं केलं की बरीचशी सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मिरची कांडायच्या डंकाचा धपधप आवाज, तेलात तडतडणारे तीळ, मिरचीच्या ठसक्यानं शिंकणारी आई, यापुढं गाणं काय करणार? आणि आईला पुस्तकी मराठी बोलायला लावू नका. "लई तिखट न्हाई बरं का" हे तिनं तिच्या बोलीत म्हटलं की ऐकणाऱ्याला ती ओळखीची वाटते. खिडकीजवळचा उजेड पुरतो. फक्त कॅमेऱ्याची काच पुसून घ्या. मसाल्याच्या घरात तिच्यावर तेलाची बोटं उमटलेलीच असतात.

रील पाहणारा हजारात एखादाच विचारतो. तो विचारेल तिथून खरं काम सुरू होतं. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. हे अॅप २०१८ पासून आहे, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पाकिटाचा फोटो, वजन, किंमत भरा, म्हणजे 'रेट काय?' ला तेच ते उत्तर टंकत बसावं लागत नाही. लेबलची सोय आहे. पैसे आले, पार्सल गेलं, परत विचारायचं, अशी लेबलं लावत गेलात तर वहीची गरज पडत नाही. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायची सोय. तिच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पहिल्या पार्सलमध्येच 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी घाला.

आता जाहिरात. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, पोस्टखालचं बूस्टचं बटण सोपं आहे म्हणून दाबायचा मोह होतो. पण इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावायच्या अॅड्स मॅनेजरमध्ये थोडं डोकं घातलं तर जाहिरात पुणे, पिंपरी-चिंचवडपुरती दाखवता येते आणि बघणाऱ्याला सरळ तुमच्या व्हॉट्सअॅपवर आणता येतं. हिशोब मात्र लाईकचा करू नका. समजा ५०० रुपये जाहिरातीला घातले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५९० झाले. ५ ऑर्डरी आल्या तर एका ऑर्डरमागे ११८ रुपये गेले. पाव किलोच्या पाकिटात तेवढी कमाईच नसते. मग एकतर किलोभराचा संच करून विकायचा, नाहीतर तेच गिऱ्हाईक परत येईल असा माल द्यायचा. मला दुसरा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो. आमच्याकडं जुन्या गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून आलेला माणूस भाव करत नाही.

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख हवीच. पुण्यातला शिकलेला गिऱ्हाईक आधी तेच बघतो. पार्सल पोस्टानं पाठवता येतं, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. ट्रॅव्हल्सचं सकाळी पोचतं, पण ते घ्यायला माणसाला थांब्यावर जावं लागतं, हे आधीच सांगा. घरी पोचल्यावर पैसे, हा व्यवहार मी करत नाही. पार्सल नाकारलं की जाण्या-येण्याचा खर्च आपल्याच डोक्यावर. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तरी आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय माल बांधू नका. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेवून द्या.

व्हिडिओ काढायचा खरा हंगाम मार्च ते मे. मिरच्या गच्चीवर वाळतात, कांडप चालू असतं, कुरडया-पापड पडलेले असतात. तेव्हाच पुढच्या कित्येक महिन्यांचे व्हिडिओ काढून ठेवा. पावसाळ्यात गच्चीवर दाखवायला काही नसतं, आणि दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी येतात तेव्हा पाकिटं भरता भरता फोन हातात धरायला घरात कुणीच मोकळं नसतं.