शेवटच्या २०० मीटरमध्ये कट मारू नका: स्प्रिंटमधल्या या चुका टाळा

अंजनेरी मागे पडलं की सायकल ग्रुपमधल्या गप्पा थांबतात. हात हँडलच्या खालच्या वळणावर जातात आणि त्र्यंबकहून नाशिककडे येणारा सौम्य उतार बाकीचं काम करतो. ताशी ५५चा वेग कधी लागला ते कळतही नाही. याच टप्प्यात कोणीतरी कट मारतो, म्हणजे आपली सरळ वाट (लाइन) सोडून दुसऱ्याच्या पुढ्यात सरकतो. नंतर चहाच्या टपरीवर त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "मी तर सरळच होतो."

बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून खेळाडूवृत्तीवर बौद्धिक घेण्याआधी लाइन का सुटते, ते बघायला हवं.

सायकल तिरकी का जाते

पहिलं कारण डोकं. मान खाली घालून जोर लावायची सवय वाईट. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. दोन सेकंद नजर स्टेमवर (हँडल धरणाऱ्या तुकड्यावर) असली, तर ३३ मीटर तुम्ही आंधळे जाता. काखेतून मागे बघणं त्याहून वाईट, कारण मान वळली की खांदा झुकतो आणि खांद्यामागे हँडल. मागे काय आहे ते स्प्रिंट सुरू करण्यापूर्वी बघून घ्या, नंतर नाही.

दुसरं कारण गिअर, आणि याच्याकडे फार कोणी लक्ष देत नाही. ५३×१४ वर (पुढच्या चक्राला ५३ दात, मागच्याला १४) १०० च्या केडन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलच्या १०० फेऱ्यांना, ताशी जवळपास ४८ किलोमीटर वेग मिळतो. ५३×११ वर तोच वेग ८० च्या आत मिळतो. पण त्या जड गिअरवर प्रत्येक पेडलला अख्खं वजन टाकावं लागतं, हात हँडल ओढतात, सायकल डावी-उजवी फेकली जाते आणि पुढचं चाक नागमोडी जातं. शेजारच्याला तो कटच वाटतो. स्प्रिंट १४ किंवा १३ वर उचला आणि पाय फिरायला लागले की मग एक दात खाली या. उभं राहून पूर्ण जोर लावलेला असताना शिफ्ट करू नका.

तिसरं कारण यंत्राचं. जोराने ओढल्यावर हँडल किंचित फिरत असेल तर स्टेमच्या पुढच्या पट्टीचे बोल्ट तपासा. चारही बाजूंची फट सारखी हवी आणि टॉर्क स्टेमवर छापलेला असतो तेवढाच, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली की 'टक' जाणवलं, तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे. चेनची झीज मोजणाऱ्या मापकाची ०.७५ची बाजू कड्यांत आत गेली तर चेन बदला. झिजलेली चेन नेमकी पूर्ण ताकद लावली की दात सोडते, पाय खाली आपटतो, अंग एकीकडे आणि सायकल दुसरीकडे जाते. बूट पेडलला अडकवणारी क्लीट झिजून पाय निसटला तरी हेच घडतं.

तपासणी सोपी आहे. मोकळ्या सरळ जागेत पांढऱ्या पट्टीशेजारून २०० मीटर स्प्रिंट मारा आणि मित्राला पलीकडच्या टोकाला मोबाइल घेऊन उभं करा. वीतभरापेक्षा जास्त सरकत असाल तर दोन दात हलक्या गिअरवर पुन्हा मारा. सरकणं गेलं तर दोष गिअरचा. नाही गेलं आणि दर वेळी एकाच बाजूला जात असाल, तर जोर कुठल्या हाताचा जास्त लागतो ते व्हिडिओत दिसेल.

कठड्याकडची फट

नियम एका वाक्यात सांगता येतो: स्प्रिंट उचलताना धरलेली लाइन सोडून दुसऱ्याला धोका होईल असं सरकायचं नाही. तुम्ही रस्त्याकडेच्या कठड्याला चिकटून सरळ जात असाल तर मागच्याला तिथून वाट देणं लागत नाही. पण फट उघडी ठेवली, कोणी आत शिरलं आणि मग ती बंद केली, तर दोष तुमचा.

५ ऑगस्ट २०२० रोजी टूर ऑफ पोलंडच्या पहिल्या टप्प्यात, कातोवित्सेला, हेच झालं. उतारावरची फिनिश, वेग ताशी ८०च्या घरात. डच स्प्रिंटर डिलन ग्रोनेवेगन लाइन सोडून सरकला आणि फाबियो याकोबसन कठड्यांत गेला. याकोबसनला डॉक्टरांनी कोमात ठेवलं, ग्रोनेवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. दोघंही परतले आणि २०२२च्या टूर द फ्रान्समध्ये लागोपाठच्या दोन टप्प्यांत जिंकले. सगळ्यांचं नशीब एवढं बलवत्तर नसतं.

चाकाला चाक, कोपराला कोपर

तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाशेजारी गेलं आणि दोन्ही घासली, तर पडता तुम्ही. त्याचं पुढचं चाक मोकळं असतं, तो तोल सावरतो. तुमचं पुढचं चाक अडकतं, आणि तोल तर त्याच्याच जोरावर असतो. घाबरून झटक्यात बाहेर खेचणं ही चूक. हलकेच त्याच्याच बाजूला झुकून पेडल मारणं थांबवा, चाक आपोआप सुटतं. हे अंगात भिनायला गवताचं मैदान, कमी हवेचे टायर आणि चालण्याचा वेग पुरे.

खांदा घासला तर घासू द्या, कोपर सैल ठेवा, पण हात हँडलवरून सुटता कामा नये. डोकं मारणं तर नकोच. २०१० मध्ये मार्क रेनशॉने ज्युलियन डीनला डोक्याने ढकललं आणि टूर द फ्रान्समधूनच बाहेर झाला. २०२०ला त्याच टूरच्या प्वातियेमधल्या टप्प्यात पेटर सागान दुसरा आला, पण वाउट व्हान आर्टला खांदा मारल्यामुळे त्याचा क्रमांक गेला. याच सागानला २०१७ मध्ये मार्क कॅव्हेंडिशच्या अपघातावरून टूरबाहेर काढलं होतं. तो शर्यतीतला अपघातच होता, हे डिसेंबरात यूसीआय या जागतिक सायकल संघटनेनेही मान्य केलं. म्हणून एका कोनातल्या व्हिडिओवर कोणाला व्हॉट्सअॅपवर फासावर चढवू नका.

थांबताना

लीड-आउट दिल्यावर (पुढे राहून आपल्या स्प्रिंटरला वेग मिळवून दिल्यावर) मधेच पेडल थांबवणं म्हणजे मागच्यांपुढे भिंत उभी करणं. पेडल फिरवत राहा, हळूहळू एका कडेला जा आणि कडा आधीच ठरवून ठेवा. जिंकल्याचा हात वर करायचा तो शेवटच्या रेषेनंतर. २०२० च्या लिएज-बास्तोन-लिएज शर्यतीत आलाफिलिपने आधीच हात वर केले. रोगलिचने चाक पुढे काढलं, आणि लाइन सोडल्याबद्दल आलाफिलिप दुसऱ्यावरून पाचव्यावर गेला.

आणि हो, वाहत्या रस्त्यावर स्प्रिंट नकोच. डावी लेन साडेतीन मीटरची, सायकलस्वाराला कोपरांसह मीटरभर लागतं. म्हणजे तिघं, तेही कोणी हललं नाही तर. द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टर असतात, पौषात निवृत्तीनाथांच्या दिंड्या. अगदीच राहवत नसेल तर एकेकट्याने मारा, आणि त्र्यंबककडे जाताना, चढावर.

शर्यतीत कोणी कट मारलाच तर रेषेपलीकडे जाऊन ओरडू नका. त्याचा बिब क्रमांक, कुठल्या बाजूने कुठे सरकला आणि रेषेपासून अंदाजे किती मीटरवर, एवढं निकाल जाहीर होण्याआधी कमिसेअरला (शर्यतीच्या पंचाला) सांगा.