केबिन बॅकपॅक निवडताना या चुका टाळा

दुकानात सॅक पाठीवर टाकली, आरशात पाहिलं, छान दिसली, घेऊन टाकली. माझी पहिली केबिन सॅक, म्हणजे विमानात सोबत न्यायची सॅक, मी अशीच घेतली होती. रिकामी सॅक कुणालाही शोभते. तिचे गुण कळतात ते सात किलो सामान भरून अर्धा तास चालल्यावर. म्हणून शक्य असेल तर आपलं नेहमीचं सामान एका पिशवीत घालून दुकानातच न्या आणि तिथेच भरून बघा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

सगळ्यात जास्त फसवतो तो लिटरचा आकडा. विमान कंपन्या सेंटिमीटर मोजतात, लिटर नाही. ५५ × ४० × २० सेंमी या नेहमी दिसणाऱ्या मर्यादेचा चौकोनी खोका हिशेबाने ४४ लिटरचा होतो, ५५ × ३५ × २५ चा ४८ लिटरचा. पण ट्रेकिंगची उंच, निमुळती सॅक ३५ लिटरची असली तरी ६० सेंमीच्या वर जाऊ शकते, म्हणजे नियमाबाहेर. शिवाय लिटर मोजायची पद्धतही सगळ्यांची एक नाही. कुणी फक्त आतले कप्पे धरतं, तर कुणी बाहेरच्या जाळीचे खिसेसुद्धा. तेव्हा लेबलवर उंची, रुंदी आणि जाडी शोधा, आणि ज्या कंपनीने जास्त वेळा जाता तिची मर्यादा तिच्याच वेबसाइटवर बघा.

त्यातही घात करते ती जाडी. एकदा बोर्डिंगच्या रांगेत मला सॅक माप तपासायच्या लोखंडी सांगाड्यात घालून दाखवायला सांगितलं. उंची बसली, रुंदी बसली, पण पुढच्या खणात कोंबलेलं जाकीट आडवं आलं. मग जाकीट अंगावर चढवलं, चार्जर खिशात गेला, आणि वरून जोर लावल्यावर सॅक एकदाची आत गेली. बाहेर काढताना मात्र निघेचना. तेव्हापासून घरूनच मोजून निघतो: भरलेली सॅक पाठीच्या बाजूने भिंतीला टेकवायची, समोर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरायचं, आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंत टेप लावायचा. आकडा जास्त आला तर आधी पुढचा खण रिकामा करा आणि बाजूचे पट्टे आवळा. सॅक मोठी करणारी जादा चेन असेल, तर जाताना ती बंदच ठेवा.

वजनाकडे तर लक्षच जात नाही. अनेक कंपन्यांची केबिनची मर्यादा ७ किलो असते. सॅकच २ किलोची असेल तर उरले ५, त्यात लॅपटॉप आणि चार्जर. ढीगभर कप्पे, जाड गाद्या, धातूची बक्कलं हे सगळं त्या सात किलोतूनच वजा होतं. माझं मत विचाराल तर कप्पे कमी आणि पट्टे चांगले अशी सॅक घ्यावी.

खांदे दुखतात म्हणून लगेच सॅक बदलायला धावू नका, आधी पट्टे लावायचा क्रम तपासा. सगळे पट्टे सैल करा. कमरपट्टा कमरेच्या हाडांवर बसवून आवळा, पोटावर नाही. मग खांद्याचे पट्टे ओढा आणि शेवटी छातीचा. जड वस्तू पाठीला लागून, मधल्या उंचीवर ठेवा. लॅपटॉप पुढच्या खणात असला की सॅक मागे ओढते. एवढं करूनही कमरपट्टा पोटावरच येत असेल, तर सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे. पाठीची लांबी मान वाकवल्यावर हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत मोजतात. एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पाठी वेगळ्या निघू शकतात, त्यामुळे मित्राला बसली म्हणून तुम्हाला बसेलच असं नाही.

लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळ चाचपा. कप्पा सॅकच्या बुडापर्यंत जात असेल तर सॅक जमिनीवर टेकवाल तेव्हा दणका थेट लॅपटॉपला. तो तळापासून दोन-तीन बोटं वर लटकलेला हवा. सूटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक की वरून उघडणारी, हा वाद मी घालत नाही. खालचा मोजा काढायला सगळं उपसायची तयारी असेल तर वरून उघडणारी घ्या. पाण्याचं म्हणाल तर कापड पाणी अडवतं, पण शिवण आणि चेनमधून ते आत येतंच. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घाला, विषय संपला.

पॉवर बँक मात्र कधीही तळाला ठेवू नका. ती चेक-इन सामानात चालत नाही. केबिन भरली म्हणून ऐनवेळी गेटवर सॅक खाली पाठवायला सांगितली, तर पॉवर बँक काढून हातात घ्यावी लागते, आणि मागे रांग उभी असताना कपड्यांच्या घड्या उलथत बसायची वेळ येते. ती वरच्या छोट्या खणातच ठेवा, पासपोर्टच्या शेजारी.