जुन्या नकाशांवरून वाळवंटातील भूमी उपयोजन वाचताना या चुका टाळा

दोन काळांतील स्थलनिर्देशक नकाशे शेजारी ठेवले की वाळवंटातला बदल दिसू लागतो खरा. पण त्यातला कोणता बदल जमिनीचा आणि कोणता नकाशा काढण्याच्या पद्धतीचा, हे आधी ठरवावे लागते.

सर्वाधिक घोटाळा सालाचा होतो. ठळक छापलेले वर्ष बहुधा प्रकाशनाचे असते, सर्वेक्षण त्याच्या कित्येक वर्षे आधीचे असू शकते, म्हणून समासातील बारीक मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या काही सुधारित नकाशांवर नवे रस्ते आणि इमारती जांभळ्या रंगात दिसतात. हवाई छायाचित्रांवरून भरलेल्या या नोंदींची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी झालेली नसे. मूळ छपाईतले काळे घर आणि नंतर भरलेला जांभळा रस्ता एकाच कागदावर असले, तरी ते एकाच काळातले नसतात.

रंगांवरही डोळे झाकून विश्वास टाकू नये. याच संस्थेच्या नकाशांवर हिरवी छटा झाडीसाठी असते. फळबागा व द्राक्षमळे वेगळ्या चिन्हांनी दाखवतात, तर हंगामी पिकांची शेते सहसा दाखवतच नाहीत. त्यामुळे पांढरी जागा म्हणजे पडीक जमीन, असे गृहीत धरल्यास ओलिताखालचा पट्टाच नजरेतून सुटतो. अशा वेळी कालव्यांच्या सरळ निळ्या रेषा, पंप आणि विहिरी शोधाव्यात. गुराख्यांची चराई मात्र एवढ्यानेही कळत नाही.

निळा रंग तर वाळवंटात विशेष फसवा असतो, कारण हंगामी सरोवर ओल्या वर्षी भरलेले आणि कोरड्या वर्षी नुसते क्षारांचे मैदान असते. कॅलिफोर्नियातील ओवेन्स सरोवराची गोष्ट वेगळी आहे: १९१३ मध्ये लॉस एंजेलिसचा जलवाहक कालवा सुरू झाल्यावर नदीचे पाणी वळवले गेले आणि सरोवर आटले. केवळ दोन नकाशांवरून हा फरक उमगत नाही. मधल्या आवृत्त्या आणि पाणी वळवल्याच्या नोंदी पाहाव्याच लागतात.

नकाशे संगणकावर एकमेकांवर ठेवल्यावर कालवा सरकलेला दिसला, तर आधी डेटम, म्हणजे ज्या आधारावर नकाशातील अक्षांश-रेखांश मोजलेले असतात तो संदर्भ, तपासावा. १९२७ आणि १९८३ च्या उत्तर अमेरिकी डेटममधील फरक काही ठिकाणी शंभर मीटरच्या आसपास जातो. जुळणीसाठी सर्वेक्षणाच्या खुणा किंवा न हललेला रेल्वेचा फाटा घ्यावा. ओढ्याचे पात्र आणि वाळूची टेकडी घेऊ नये, कारण ती स्वतःच जागा बदलतात.