ब्लाउज बसत नाही? मग नेमकं काय होतंय ते सांगा

"फिटिंग बरोबर नाही" एवढं ऐकून शिवणारीला काहीच कळत नाही. मी परळला ब्लाउज शिवते. पिशवीतून ब्लाउज काढून "जरा बघा ना ताई" म्हणणाऱ्या बाईला मी आधी पडद्यामागे पाठवते, तो अंगात घालायला लावते आणि विचारते, कुठे आणि काय होतंय? न बसणाऱ्या कपड्यासाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही. शब्द बदलला की माझी कात्रीही वेगळ्या जागी जाते.

आधी घट्टपणा. 'तंग' म्हणजे सगळीकडूनच अपुरा, हूक लावताना श्वास आत घ्यावा लागतो असा. 'काचतो' म्हणजे एकाच जागी, दंडाला नाहीतर काखेत, आणि काढल्यावर तिथे वळ दिसतो. काचत असेल तर मी तेवढीच शिवण सैल करते. तंग असेल तर दोन्ही कुशींच्या शिवणी उसवते. दोन्हीकडे पाव-पाव इंच सोडलं की घेरात पूर्ण एक इंच वाढतो, कारण प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन भाग असतात. अर्थात आत मार्जिन, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, असेल तर. ते शिवायला टाकतानाच सांगून ठेवा. रेशमी कापड उसवलं की जुन्या शिलाईची भोकं दिसतात, तेव्हा तिथे फार आशा नको.

सैलपणातही असंच. 'ढगळ' म्हणजे अख्खा मोठा. 'झोळ पडतो' म्हणजे एका ठिकाणी कापड जास्त, बहुतेक काखेजवळ नाहीतर टक्सच्या, म्हणजे छातीला आकार द्यायला घातलेल्या निमुळत्या चुणीच्या, टोकाला. 'खांद्यावरून उतरतो' ही तिसरीच तक्रार, ती खांद्याची किंवा गळ्याची. या तक्रारीला नुसतं "सैल आहे" म्हणालात आणि समोरच्याने कुशी आवळून दिल्या, तर ब्लाउज तंगही होईल आणि खांद्यावरून उतरतही राहील.

सगळ्यात जास्त घोळ 'उचलतो' या शब्दापाशी होतो. आरशासमोर हात खाली सोडून ब्लाउज बघू नका. लोकलमध्ये कडी धरता तसा हात वर करा. अख्खा ब्लाउज बाहीबरोबर वर चढला, तर बाया हमखास म्हणतात, "काखेत घट्ट आहे, मुंढा मोठा करा." बहुतेक वेळा उलटं असतं. मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, आधीच खोल कापलेला असतो, म्हणून बाही ब्लाउजलाही सोबत ओढून नेते. तो आणखी मोठा केला की आणखी उचलतो. तेव्हा उपाय सुचवू नका, फक्त "हात वर केला की उचलतो" एवढंच म्हणा. पुढूनच वर जात असेल, तर "पुढून उचलतो" म्हणा, तिथे पुढची उंची कमी पडलेली असते.

चुण्यांकडेही बघा. हुकांच्या ओळीपासून ताणलेल्या आडव्या रेघा निघत असतील तर तिथे कापड कमी आहे. उभी ढिली घडी पडत असेल तर जास्त आहे.

'तोकडा' म्हटलं की मी हात टेकते. खाली पट्टी जोडता येते, पण ती दिसणारच.

काही दोष मापाचे नसतातच. "पहिल्यांदा बसत होता, धुतल्यावर बसेना" हे पूर्ण सांगा. सुती अस्तर न भिजवता लावलं की ते पाण्यात आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि आतून ओढ बसते. कुर्ता धुतल्यावर अंगाभोवती फिरत असेल तर त्याला 'पिळतो' म्हणतात. कापताना उभा धागा तिरका गेलेला असतो. ते उसवून सुधारत नाही. कुणी सुधारून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

आता रंग. साडीपेक्षा ब्लाउज 'वेगळा' असणं हा दोष नाही. हिरव्या साडीवर राणी रंगाचा ब्लाउज मुद्दामच घालतात. 'विजोड' म्हणजे जुळवायला गेलात आणि जुळलं नाही: एका बाहीचा काठ वर, दुसरीचा खाली, किंवा मोरपंखी साडीवर जवळपास मोरपंखीच, पण पिवळट झाक मारणारा पीस. असा थोडक्यात हुकलेला रंग सगळ्यात जास्त खटकतो. हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटात पीस घेताना तो साडीसकट उजेडात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसलेले दोन रंग उन्हात निराळे दिसू शकतात. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे दोन्हींशी जुळणारा पीस शोधत फिरू नका, एक रंग धरा.

एक तक्रार मात्र मी घेत नाही. "बसतोय, पण मनाला येत नाही." नावडतीचं मीठ अळणी, त्याला माझ्याकडे मशीन नाही.

दुरुस्तीला येताना जो आतला कपडा रोज घालता तोच घालून या, आणि बरोबर बसणारा जुना ब्लाउज असेल तर तोही आणा. गौरी-गणपतीच्या आठवड्यात आलात तर काम दसऱ्याकडे जाईल.