आधी खोटं ठरवा, मग कथा: मुलांकडून ३०० शब्दांची रहस्यकथा लिहून घेताना

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटीच उघडतात. नागपुरात १३ ते १७ वर्षांच्या मुलांचा लेखनवर्ग घ्यायला मे-जूनच्या सकाळी त्यामुळेच सोयीच्या. आठ ते साडेनऊ ही वेळ ठेवा, मुलं बाराच घ्या. त्याहून जास्त झाली की प्रत्येकाची कथा वाचून होत नाही, आणि जिची कथा वाचायची राहिली ती मुलगी पुढच्या वेळी लिहीत नाही.

‘गुन्हा सुचवा’ म्हटलं की बारातल्या दहा जणांना खूनच सुचतो. मग इन्स्पेक्टर येतो, प्रेत येतं, संशयितांची ओळख होते, आणि ३०० शब्द तिथेच संपतात. शेवटच्या दोन ओळींत गुन्हेगार स्वतःहून सगळं कबूल करतो. दोष मुलांचा नसतो, एवढ्या जागेत खून मावतच नाही. म्हणून पहिल्या तीन कथांमध्ये खून नको, हे सुरुवातीलाच सांगून टाका. वर्गणीचा डबा, प्रॅक्टिकलची वही, मुलं लाकडी बैल मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री गायब झालेला लाकडी नंदी, एवढी चोरी पुरते. अशी चोरी कोण करतं, का करतं, पकडल्यावर चेहरा कसा होतो, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असतं.

लिहायला बसण्याआधी प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर तीन वाक्यं घ्या: कोण खोटं बोललं, काय खोटं बोललं, कोणत्या वस्तूमुळे ते उघडं पडलं. तिसरं वाक्य रिकामं असेल तर कथा सुरू करू देऊ नका. सगळ्या वर्गात हाच टप्पा मोलाचा आहे, याला निवांत अर्धा तास द्या.

नमुना म्हणून नागपूरच्या प्रत्येक घरातला कूलर घ्या. मोठा भाऊ म्हणतो, ‘रातभर कूलर चालू होता, मला काहीच ऐकू नाही आलं.’ सकाळी पाहिलं तर टाकी काठोकाठ भरलेली. मेच्या कोरड्या हवेत कूलर रात्रभर चालला तर पाणी खाली जाणारच. म्हणजे कूलर बंद होता, आणि मेच्या रात्री कूलरशिवाय कोण झोपतं? भाऊ घरात नव्हता.

आता वर्गाला हा पुरावा मोडायला सांगा. कुणी म्हणेल, त्यानं सकाळी पुन्हा पाणी भरलं असेल. दुसरी म्हणेल, आमच्या टाकीला नळाचा पाइप आणि फ्लोटचा फुगा लावलाय, ती आपोआप भरते. दोन्ही शंका खऱ्या आहेत. लेखकानं त्या कथेतच बुजवायच्या: टाकी हातानं, बादलीनं भरावी लागते, आणि काल संध्याकाळपासून नळाला पाणी नाही. घरात पाण्याची एकच बादली उरली होती आणि ती अजून तशीच आहे. ही दोन वाक्यं घातली की भावाला पळवाट राहत नाही.

पुरावा वाचकाला कळण्यासारखाही हवा. जूनमध्ये कुणी ‘कालच काटोलच्या बागेतून ताजी संत्री तोडून आणली’ म्हणालं, तर संत्र्याच्या घरातलं पोर लगेच ओळखेल. संत्र्याचे हंगाम दोन: आंबिया बहाराची फळं हिवाळ्यात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. पुण्याच्या वाचकाला हे ठाऊक असेलच असं नाही. तेव्हा ‘मृगाची संत्री संपून किती दिवस झाले!’ हे वाक्य आधीच आजीच्या तोंडी घालून ठेवा.

मांडणीचा ढोबळ हिशेब असा. काय घडलं ते ४० शब्दांत. दोन-तीन माणसांचं बोलणं आणि जागेचं वर्णन मिळून २०० शब्द. उरलेल्या ६० शब्दांत उकल. पुरावा दुसऱ्या भागाच्या मधोमध, तीन वस्तूंच्या यादीत दुसरा ठेवायचा: ‘पुस्तकं पसरली होती, कूलरची टाकी काठोकाठ होती आणि पडदा अर्धा फाटला होता.’ लगेच पुढच्या वाक्यात पडद्याबद्दल बोलावं, वाचक तिकडे जातो. परिच्छेदाच्या शेवटी ठेवलेली वस्तू मात्र सगळ्यांना दिसते.

संवाद मुलांच्या तोंडचे राहू द्या. ‘तू काल रात्री कुठे होतास?’ हे वर्गातलं मराठी झालं, मित्र मित्राला ‘काल रात्री कुठं होता बे?’ असंच विचारेल. शुद्धलेखन तपासा, बोली पुसू नका.

पोलीस आणायचेच असतील तर नियम माहीत हवेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यानंतरच्या गुन्ह्यात खुनाला ३०२ नव्हे, कलम १०३ लागतं, आणि ४२० ची फसवणूक आता ३१८ मध्ये आहे. अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. डीएनएचा अहवाल त्याच संध्याकाळी हातात पडत नाही.

शहरात घडलेली खरी घटना ओळखू येईल अशी लिहू देऊ नका, त्या घरातलं कुणी वाचू शकतं. प्रत्येक कथा आधी एकट्यानं वाचा, मगच वर्गात वाचायला द्या. कधी कथेच्या आडून मूल स्वतःच्या घरातली मारहाण किंवा त्रास सांगत असतं. तशी शंका आली तर कथा बाजूला ठेवा, मुलाशी एकांतात बोला. गरज पडली तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे.

वाचन उकलीच्या आधी थांबवा. ऐकणाऱ्या अकरा जणांनी चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव आणि ज्या वाक्यावरून ओळखलं ते वाक्य लिहायचं. तीन-चार जणांना जमलं तर कथा जमली. सगळ्यांना जमलं तर पुरावा फार ठळक आहे, तो यादीत आणखी आत सरकवा. कुणालाच जमलं नाही आणि उकल ऐकूनही कपाळावर आठ्याच असतील, तर मधलं एखादं वाक्य लेखकाच्या डोक्यातच राहिलंय. नाव बरोबर पण वाक्य भलतंच, असं झालं तर तो अंदाज, तो मोजू नका. चिठ्ठ्या लेखकाला घरी न्यायला द्या, दुसरा खर्डा त्या समोर ठेवूनच लिहायचा.