आम्ल तीव्र की सौम्य? सूत्रातले ऑक्सिजन मोजा

परीक्षेत सूत्र समोर येतं आणि आम्ल तीव्र (पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटित होणारं) की सौम्य (थोडंच विघटित होणारं) तेच आठवत नाही. यादी पाठ करण्यापेक्षा हे करा:

१. सूत्रात ऑक्सिजन नसेल तर हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक एवढी तीनच तीव्र धरा. हायड्रोफ्लोरिक सौम्य, कारण हायड्रोजन-फ्लोरिन बंध सहजी तुटत नाही.

२. ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजनच्या अणूंतून हायड्रोजनचे अणू वजा करा. उत्तर २ किंवा जास्त आलं तर तीव्र. नायट्रिक: ३ − १ = २, तीव्र. सल्फ्युरिक: ४ − २ = २, तीव्र. फॉस्फरिक: ४ − ३ = १, सौम्य. नायट्रसही २ − १ = १, म्हणजे सौम्य.

कार्बनी आम्लांना ही वजाबाकी लावू नका. ऑक्झॅलिक आम्लात ४ − २ = २ येतं, तरी ते सौम्यच. ॲसेटिक, फॉर्मिक, सायट्रिक सगळी सौम्य.

आम्लारींचं काम सोपं: लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम आणि कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांची हायड्रॉक्साइडं तीव्र. अमोनिया आणि अमाइन (अमोनियापासून बनलेली कार्बनी संयुगं) सौम्य.

प्रयोगशाळेत सूत्र माहीत नसेल तर सुमारे ०.१ मोलार द्रावणाचा सामू (pH) मोजा, मग ते दसपट विरल करून पुन्हा मोजा. तीव्र आम्लाचा सामू साधारण १ ने वाढतो, सौम्याचा अर्ध्यानेच. लिटमस इथे निरुपयोगी, दोन्हींत तो लालच होतो.

आणि ‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे: हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरून जीवघेणं ठरू शकतं.