समुद्रातल्या पवनचक्कीच्या रिसर्च लीजवर कमेंट कशी द्यायची

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक समज पक्का बसलाय, की सरकारी कागदावर मत द्यायचं तर सिटिझन असावं लागतं, आणि एच-वन-बीवाल्यांनी तर असल्या भानगडीत पडूच नये. तसं काही नाहीये. पर्यावरण आढावा म्हणजे निवडणूक नाही, तिथे ग्रीन कार्डवाला, स्टुडंट, सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेले आई-बाबा, कोणीही कमेंट देऊ शकतं. फक्त निवडणूक नाही याचा दुसरा अर्थही आहे, तिथे डोकी मोजत नाहीत, त्यामुळे "आमचा पाठिंबा आहे" असं हजार जणांनी एकच मजकूर चिकटवून पाठवलं तरी तो एक मुद्दा म्हणूनच धरला जातो. म्हणून नीट लिहायला शिकून घ्या, त्यात फार वेळ जात नाही.

उदाहरण म्हणून मी मेन राज्याची केस घेतोय, कारण त्यात सगळ्या पायऱ्या दिसतात. गल्फ ऑफ मेन बराच खोल आहे, तळात खांब रोवून टर्बाइन उभं करणं साधारण 60 मीटर खोलीनंतर परवडत नाही, म्हणून तरंगणारी टर्बाइन हवीत. युनिव्हर्सिटी ऑफ मेनवाले यावर कित्येक वर्षं काम करतायत, 2013 मध्ये त्यांनी कॅस्टीन गावाजवळ एक अष्टमांश आकाराचं छोटं मॉडेल पाण्यात सोडून ग्रिडला जोडलं होतं. मग ऑक्टोबर 2021 मध्ये राज्याने केंद्राकडे रिसर्च लीजचा, म्हणजे संशोधनासाठी समुद्रतळाची जागा भाडेपट्ट्याने मिळावी असा अर्ज केला, जास्तीत जास्त 12 तरंगती टर्बाइन, 144 मेगावॅटपर्यंत वीज, किनाऱ्यापासून 28 नॉटिकल मैलांवर. ऑगस्ट 2024 मध्ये लीज मिळालं, क्षेत्र 15,000 एकरांपेक्षा थोडं कमी. इतक्या लांब का, तर 2021 मध्येच मेनच्या विधिमंडळाने राज्याच्या हद्दीत, म्हणजे पहिल्या तीन मैलांत, नवीन पवनचक्क्यांना बंदी घातली होती, कारण शेवंडीची (लॉबस्टरची) बहुतेक पकड तिथेच होते आणि मेनमध्ये शेवंडवाल्यांना दुखावून कोणी निवडून येत नाही.

लीज देणारी संस्था म्हणजे बोएम (ब्युरो ऑफ ओशन एनर्जी मॅनेजमेंट), केंद्राच्या इंटीरियर खात्याखालची. किनाऱ्याच्या तीन मैलांपलीकडचा तळ त्यांच्या ताब्यात, आणि पवन ऊर्जेसाठी तो लीजवर द्यायचा अधिकार 2005 च्या एनर्जी पॉलिसी अ‍ॅक्टने आला. नेहमीचं कमर्शियल लीज लिलावात जातं, रिसर्च लीज मात्र राज्य सरकारला किंवा केंद्राच्याच एखाद्या खात्याला बोलीशिवाय मिळू शकतं, अट एवढीच की आधी जाहीर विचारायचं, बाबांनो या जागेत अजून कोणाला रस आहे का. पहिली कमेंट इथेच देता येते, आणि गंमत म्हणजे इथे फारसं कोणी फिरकत नाही, सगळे थेट ईए, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन, आल्यावर जागे होतात, तोवर जागेचा नकाशा बराचसा ठरून गेलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लीज म्हणजे टर्बाइन बांधायची परवानगी नाही. प्लॉट घ्यायच्या आधी माती तपासायला बोअर मारायची मुभा मिळावी तसं समजा, बांधकामाचा नकाशा मंजूर होणं ही वेगळी गोष्ट. लीजनंतर राज्याला सविस्तर प्लॅन द्यावा लागतो आणि त्या प्लॅनचा आढावा स्वतंत्रपणे होतो. त्यामुळे लीजच्या वेळची ईए मुख्यतः सर्व्हेबद्दल बोलते. सोनारने तळाचा नकाशा काढणं, तळातली माती नळीने काढून तपासणं, वारा-लाटा मोजणारा बोया सोडणं, आणि या सगळ्यासाठी बोटींच्या फेऱ्या. तुम्ही जर लिहिलंत की "टर्बाइनच्या पात्यांनी पक्षी मरतील", तर मुद्दा खरा असला तरी चुकीच्या दारात ठेवलात, उत्तर येणार की हा विषय बांधकामाच्या आढाव्यात बघू. तुमची मेहनत वाया. हे एवढं एक कळलं तरी निम्म्या लोकांच्या पुढे गेलात.

कागद शोधायचा कसा, तर नोटीस फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्राच्या राजपत्रात येते आणि तिच्यात डॉकेट नंबर असतो, बोएमचं नाव, मग वर्ष, मग चार आकडे. तो नंबर रेग्युलेशन्स डॉट गव्हवर टाकला की सगळी फाइल समोर. नोटीस नीट वाचा, तीन गोष्टी लिहून ठेवा, शेवटची तारीख, ऑनलाइन मीटिंग कधी आहे, आणि कमेंट कुठल्या पत्त्यावर चालते. ईए स्वतः फार मोठी नसते, 2023 च्या कायदेबदलानंतर मजकुराला 75 पानांची मर्यादा आहे, पण परिशिष्टं त्यात धरत नाहीत, म्हणून खरा माल परिशिष्टांत असतो हे लक्षात ठेवा.

पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, दहाव्या पानावर झोप येईल. आधी पर्यायांचं प्रकरण बघा. काहीच न करण्याचा पर्याय बहुधा असतोच, पण त्याशिवाय काय काय विचारात घेतलं आणि काय फेटाळलं, आणि फेटाळताना कारण काय दिलं, हे बघायचं. तुम्हाला सुचलेला पर्याय तिथे नसेल तर तीच तुमची कमेंट. मग परिणामांचे तक्ते, तिथे प्रत्येक गोष्टीपुढे नगण्य, किरकोळ, मध्यम किंवा मोठा असा शेरा असतो. "किरकोळ" लिहिलंय ना, मग ते कशाच्या आधारावर, आणि कोणत्या वर्षाचा डेटा वापरलाय ते शोधा. शेवटी परिशिष्टातल्या अटी वाचा, म्हणजे बोटीचा वेग किती, पहारा कोण ठेवणार, मच्छीमारांना आधी कळवायचं की नाही वगैरे. ईए संपताना सरकार एकतर परिणाम लक्षणीय नाहीत असं जाहीर करतं, त्याला फॉन्सी म्हणतात, नाहीतर मोठा आढावा करायला घेतं. फॉन्सी बरेचदा या अटींच्या जोरावर उभी असते, म्हणून अट कडक करायला सांगणारी कमेंट प्रकल्पच रद्द करा म्हणणाऱ्या कमेंटपेक्षा जास्त काम करते, निदान माझं मत तरी असंच आहे.

आता लिहायचं कसं ते प्रत्यक्षच दाखवतो. एक कमेंट अशी: "या सर्व्हेमुळे मच्छीमारांचं फार नुकसान होईल, कृपया विचार करावा." वाचणारा विचार करून पुढे जाईल, दुसरं करणार काय बिचारा. तोच माणूस असं लिहू शकतो: "मी या भागात हिवाळ्यात शेवंडीचे सापळे लावतो. थंडी वाढली की शेवंड खोल पाण्यात सरकते आणि आमचे सापळेही तिच्यामागे जातात. तुमच्या मसुद्यात अमुक पानावर मच्छीमारीवरचा परिणाम किरकोळ म्हटलाय, पण तो वर्षभराचा सरासरी विचार दिसतो. सर्व्हे बोट मागे उपकरण ओढत जाते तेव्हा सापळ्यांचे दोर तुटतात. माझी मागणी, सर्व्हेच्या तारखा आणि मार्ग किमान 30 दिवस आधी कळवा, बोटीवर मच्छीमारीची माहिती असलेला माणूस ठेवा, आणि सापळा तुटला तर भरपाई कोणाकडे मागायची ते लीजच्या अटीत लिहा." यात पान आहे, मोसम आहे, कारण आहे आणि तीन मागण्या आहेत ज्या सही करून मान्य करता येतात. एवढंच लागतं. इंग्रजी शुद्ध नसलं तरी चालतं, खरंच चालतं, सरळ साधं लिहा.

तुम्ही मच्छीमार नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहात, मग? डेटा बघणारा माणूस असाल तर बोटींच्या वाहतुकीचा डेटा कोणत्या वर्षांचा घेतलाय ते विचारा, छोट्या बोटींवर बरेचदा एआयएस ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) नसतो मग त्या नकाशात दिसतच नाहीत हे लिहा. सेलिंगला जाता, पक्षी बघता, किनाऱ्यावर छोटं हॉटेल चालवता, जे स्वतः बघितलंय ते तारखेसकट लिहा.

व्हेलबद्दल मात्र सांभाळून. नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल या जातीचा विषय खरा आणि गंभीर आहे, चारशेपेक्षा कमी उरलेत, आणि मरतात ते मुख्यतः बोटीची धडक बसून किंवा जाळ्या-दोरांत अडकून. पण "सोनारमुळे व्हेल किनाऱ्यावर मरून पडतायत" हे फॉरवर्ड तसंच्या तसं कमेंटमध्ये चिकटवू नका, नोआने, म्हणजे केंद्राच्या समुद्र आणि हवामान संस्थेने, स्पष्ट सांगितलंय की मोठ्या व्हेलच्या मृत्यूंचा आणि पवन ऊर्जेच्या कामाचा संबंध असल्याचा पुरावा नाही, शिवाय तेलवाले वापरतात ती एअरगन या सर्व्हेत नसते. त्यापेक्षा बोटीच्या वेगाबद्दल विचारा, 65 फुटांवरच्या बोटींना ठरावीक मोसमात आणि ठरावीक भागात 10 नॉट्सची मर्यादा आधीच आहे, तीच मर्यादा सर्व्हेच्या सगळ्या बोटींना वर्षभर का नाही, रात्री पहारा कसा ठेवणार, धुक्यात काय करणार. धुकं या समुद्रात नेहमीचं, त्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही.

पाठवताना काय काय बघायचं. ऑनलाइन बॉक्समध्ये 5,000 अक्षरं मावतात, जास्त असेल तर फाइल जोडा. मुदत रात्री 11:59 ला ईस्टर्न टाइमने संपते, भारतातून पाठवत असाल तर उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी सकाळी 9:29 होते, पण कृपा करून शेवटच्या तासावर ठेवू नका, साइट नेमकी तेव्हाच रुसते. वेबसाइट निनावी पाठवायचा पर्याय देते, पण बोएमच्या नोटिशीत बरेचदा लिहिलेलं असतं की निनावी कमेंट विचारात घेणार नाही, म्हणून नाव द्या. आणि नाव दिलं की ते सगळ्या जगाला दिसणार हे धरून चाला, मजकुरात फोन नंबर, घरचा पत्ता घालू नका. मासेमारीची नेमकी जागा हे धंद्याचं गुपित असेल तर ती खुल्या कमेंटमध्ये न टाकता गोपनीय माहिती म्हणून वेगळी कशी पाठवायची ते नोटिशीत दिलेलं असतं. सबमिट केल्यावर ट्रॅकिंग नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट घ्या, कमेंट साइटवर दिसायला काही दिवस लागतात तेव्हा घाबरू नका.

बोएम ही एकच खिडकी नाही हेही माहीत असू द्या. राज्याचं किनारपट्टी खातं हा प्रकल्प त्यांच्या धोरणात बसतो का ते वेगळं तपासतं, ऐतिहासिक ठिकाणं आणि बुडालेल्या जहाजांचा विषय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम 106 खाली जातो, मूळ रहिवासी जमातींशी सरकार थेट बोलतं. आपल्याकडे जनसुनावणीची सवय असते, पालघरला वाढवण बंदराची सुनावणी 19 जानेवारी 2024 ला झाली तशी, लोक मंडपात येतात, माइक ओढतात, घोषणा देतात. इथल्या ऑनलाइन मीटिंगमध्ये प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि समोरचा माणूस शांत चेहऱ्याने ऐकून "थँक यू" म्हणतो, बस. तिथे बोला, जरूर बोला, पण तेच लेखी पण द्या.

याने काही फरक पडतो का, असा प्रश्न येणारच. पडतो, पण नेहमी नाही. याच गल्फ ऑफ मेनमध्ये कमर्शियल लीजसाठी बोएमने ऑक्टोबर 2023 मध्ये सुमारे 35 लाख एकरांचा मसुदा काढला होता, शेवंडवाले, गव्हर्नर, खासदार सगळ्यांनी एकच धोशा लावला की लॉबस्टर मॅनेजमेंट एरिया 1, म्हणजे शेवंड पकडायचा किनाऱ्याजवळचा पट्टा, वगळा, आणि मार्च 2024 च्या अंतिम नकाशात क्षेत्र 20 लाख एकरांवर आलं आणि तो भाग बाहेर राहिला. दुसरीकडे, नेपा, म्हणजे ज्याखाली हे आढावे होतात तो पर्यावरण कायदा, सरकारला विचार करायला लावतो, विशिष्ट निर्णय घ्यायला नाही, आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने कोर्टांना सांगितलं की अशा आढाव्यात खात्याच्या निर्णयाचा मान ठेवा. त्यामुळे नंतर कोर्टात बघून घेऊ हा हिशोब आता आणखी महागात पडतो, जे म्हणायचंय ते कमेंटच्या मुदतीतच फाइलवर आलं पाहिजे.

सध्याची परिस्थिती अशी की 20 जानेवारी 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने समुद्रातली नवीन पवन लीजं थांबली, मेनच्या रिसर्च प्रकल्पाचं कामही त्याच वर्षी थांबवून ठेवलं गेलं, आणि जुलैमध्ये बोएमने आखलेली सगळी पवन क्षेत्रं रद्द केली. नेपाचे देशभराचे जुने नियमही 2025 मध्ये काढून टाकले, कायदा आहे पण तपशील आता प्रत्येक खात्याच्या हातात, मसुदा ईए लोकांसमोर ठेवलीच जाईल याची खात्री पूर्वीइतकी नाही आणि मुदत छोटी असू शकते. म्हणून फेडरल रजिस्टरवर "बोएम" आणि तुमच्या राज्याचं नाव टाकून ईमेल अलर्ट लावून ठेवा, आणि तोवर जुन्या डॉकेटमधल्या मच्छीमार संघटनांच्या चार-पाच कमेंट वाचा, लांबलचक असतात पण चांगली कमेंट कशी दिसते ते त्यातून पटकन कळतं.